रेव्हरंड टिळकांची मंडळी

विदर्भातील कारंजा लाड हे गाव श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. गुरुमंदिराच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक तेथे येतात. त्याच गावात दिगंबर जैनांच्या बलात्कार गण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची जुनी मंदिरे आहेत आणि १९१८ साली तेथेच महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. अशा गावात जन्माला येणारा माणूस एकटा जन्माला येत नाही. त्याची जात, त्याचा पंथ, त्याचे देऊळ, लग्नातील त्याची पंगत आणि मर्तिकाच्या वेळचे त्याचे खांदेकरी हे सारे त्याच्या जन्मापूर्वीच ठरलेले असते. या आधाराचे मोल ज्यांना तो लाभलेला असतो त्यांना सहसा कळत नाही. तो ज्यांचा सुटतो त्यांना ते पुरेपूर कळते.

नृसिंह सरस्वतींनी बालवयातच घर सोडून काशीची वाट धरली व संन्यास घेतला असे गुरुचरित्र सांगते. संन्यासासाठी घर सोडणाऱ्याला आपल्या समाजाने नेहमीच मान दिला. मात्र जो घर सोडतो तो दुसऱ्या धर्माच्या दारात जाऊन उभा राहिला की त्याच समाजाचा सूर बदलतो. अशा माणसाला मग नवे आप्त शोधावे लागतात. ते त्याला मिळतात काय, मिळाल्यास कोणत्या अटींवर मिळतात आणि त्या अटी त्याच्या मनाला पटतात काय, हा केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न नाही. तो समाजरचनेचा आणि काही अंशी अर्थव्यवहाराचाही प्रश्न आहे. कारंज्यात ब्रह्मचर्याश्रम उभा राहण्याच्या आदल्याच वर्षी साताऱ्यास एका मराठी कवीने या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर देण्याचा प्रयत्न केला. त्या कवीचे नाव नारायण वामन टिळक. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून घरोघरी पोहोचविले. परंतु त्यांच्या आयुष्याचा मुख्य शोध माणसांच्या सहवासाचा होता, याचे स्मरण फारसे राहिलेले नाही.

मराठी ख्रिस्ती समाज आपल्या स्थानिक चर्चला मंडळी असे म्हणतो. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. इमारत नव्हे, अधिकारपद नव्हे, तर जमलेली माणसे हा त्याचा अर्थ. टिळकांचे चरित्र म्हणजे एका अर्थी या शब्दाच्या खऱ्या आशयाचा पाठपुरावा होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भक्तिपर आणि कवितेची आवड असणारी होती. वडिलांचा स्वभाव मात्र अत्यंत तापट होता. नारायण लहान असतानाच आई निवर्तली आणि मुलाचे घर त्या दिवसापासूनच मोडले. तो घराबाहेर पडला आणि पायी नाशिकास पोहोचला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याला संस्कृतचे अध्ययन करता आले. पुढे इंग्रजी शिक्षणही थोडे झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी वाङ्मयात अमर झाली. मात्र विवाहाने टिळकांची भ्रमंती थांबली नाही. आज एका गावी शिक्षक, उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार, परवा तिसऱ्या गावी आणखी काही, असा त्यांचा क्रम होता. घरात न सांगता निघून जावे आणि कधीतरी अवचित परत यावे, हाताशी असलेला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन टाकावा, ही त्यांची रीत संसाराला सुखाची खचितच नव्हती. लक्ष्मीबाईंनी ती विनोदाने सोसली म्हणून तिचे जाचक स्वरूप लपत नाही.

या भटकंतीत टिळक विदर्भात आले. नागपूरच्या आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांच्या कामात गढले. 'ऋषी' नावाचे मासिकही त्यांनी चालविले. धर्माविषयीचे त्यांचे असमाधान याच काळात ठळक होत गेले. सर्व माणसांचा पिता एक असेल तर माणसामाणसांत उच्चनीच भेद कसा असू शकतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असताना डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. बोलणे काव्यापासून निघाले आणि धर्मापर्यंत गेले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत वर्तविले. टिळकांना ते त्या वेळी हास्यास्पद वाटले; पण पुस्तक वाचण्याचे दिलेले वचन त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे वाचन अडखळले आणि तेथून ते मागे फिरू शकले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

एका दिवसात त्यांनी किती गमावले याचा हिशेब मांडणे अवघड नाही. जात गेली, आप्त गेले, ज्या वर्गात त्यांच्या विद्वत्तेला मान होता त्या वर्गाचे दार बंद झाले. सर्वांत मोठी हानी पत्नी आणि मूल यांच्या वियोगाची होती. लक्ष्मीबाईंना ही वार्ता कळली तेव्हा त्यांच्यावर जो आघात झाला त्याचे वर्णन 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. नवरा जिवंत असून नाहीसा झाला, सवाष्ण असून परित्यक्ता ठरण्याची वेळ आली, आणि सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत दयेबरोबर कुतूहल होते. चार-पाच वर्षे त्या लहानग्या दत्तूसह नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. नंतर त्या अहमदनगरच्या परिसरात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पतीजवळ आल्या. पण प्रथम सोवळेओवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. जातिभेद ही ईश्वराची नव्हे तर माणसाची निर्मिती आहे, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला, कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास प्रारंभ केला आणि त्यानंतरच १९०० साली राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. आधी माणसे आपली वाटली, मग त्यांचा धर्म आपला झाला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

टिळक ज्या मंडळीत आले ती कशी होती? अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरास १८३१ साली सुरू झाले. नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून जे लोक या मंडळ्यांत आले त्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबांचा भरणा होता. ज्या गावात पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, त्याच गावाच्या कडेला असलेल्या लहानशा खोलीत रविवारी एकत्र बसावे, मुलाने अक्षर गिरवावे, बाईने वाचावे, आपले नाव घेऊन कोणी आपल्यासाठी प्रार्थना करावी, हा अनुभव त्या माणसांना नवा होता. त्यांनी पोटासाठी धर्म सोडला अशी संभावना करणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार क्वचितच केला. भाकरीची गरज खरी होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तर ती भयंकर केली. पण भाकरी देणारे ठिकाण आणि आपले म्हणणारे ठिकाण यांत फरक असतो आणि गरिबाला तो फरक श्रीमंतापेक्षा लवकर कळतो.

अशा मंडळीत एक विद्वान ब्राह्मण येऊन बसला. येथे त्याची खरी कसोटी होती. पंडित म्हणून उच्चासनावर बसणे सोपे होते आणि मिशनच्या दृष्टीने ते सोयीचेही ठरले असते. टिळकांनी अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत अध्यापन केले, पाळकपद स्वीकारले, डॉ. ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा स्नेह जोडला. परंतु त्यांचे घर हेच त्यांच्या कार्याचे खरे केंद्र होते. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्या घरात आली आणि घरचीच होऊन राहिली. शिधा कमी आणि पाने जास्त हा प्रसंग रोजचा होता. तो निभावण्याची जबाबदारी अर्थातच लक्ष्मीबाईंची होती. टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंचे व्यवस्थापन यांच्या जोडीवर तो संसार चालला. औदार्याची कीर्ती पुरुषाला आणि त्याची किंमत बाईला, हा जगाचा न्याय याही घरात होता, हे सांगितल्यावाचून चरित्र प्रामाणिक होणार नाही.

या घराचे दार केवळ ख्रिस्ती माणसांसाठी उघडे नव्हते. १९०७ साली जळगावी भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. तो हिंदूच राहिला आणि त्यामुळे त्या घरातील त्याचे स्थान तसूभरही कमी झाले नाही. ज्या काळात एका पंक्तीला बसल्याने प्रायश्चित्ताची वेळ येई, त्या काळात एका छपराखाली ही माणसे कवितेच्या आणि जेवणाच्या नात्याने नांदली. मंडळी या शब्दाची व्याप्ती बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपेक्षा मोठी आहे याचा प्रत्यय टिळकांना प्रथम आपल्या माजघरात आला असावा.

मंडळीला टिळकांनी दिलेले सर्वांत टिकाऊ देणे म्हणजे तिची गाणी. परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या उपासनेत मराठी मन पूर्णपणे उतरत नाही, हे त्यांच्यातील कवीने जाणले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भक्तिपरंपरेतूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी अभंग रचले, भजने रचली आणि कीर्तनाचा पुरस्कार केला. नगरच्या ख्रिस्ती समाजात कीर्तनाची प्रथा त्यांच्याआधीच कृष्णराव सांगळे यांनी सुरू केली होती. टिळकांनी तिला काव्याचे बळ दिले. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा टाळ्यांच्या ठेक्यावर ही पदे म्हणू शकत होती. वर्गणी, पद, शिक्षण यांवाचून जिच्यात सर्वांना समान वाटा मिळतो अशी वस्तू समाजात विरळाच असते. सामूहिक गायन ही त्यांपैकी एक होय. आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्या टिळकांची पदे गातात. अहमदनगरास १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केले आणि त्यातून स्वदेशप्रीती व ख्रिस्तभक्ती यांत विरोध नाही हे ते आग्रहाने मांडीत राहिले.

इतके होऊनही टिळक समाधानी नव्हते. त्यांच्या असमाधानाचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण ते कोणत्याही संस्थेला लागू पडणारे आहे. मंडळीचे पाळक, शाळांचे शिक्षक, प्रचारक यांची वेतने मिशनकडून येत आणि मिशनचा पैसा समुद्रापलीकडून येई. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. तरीही ज्याच्या हाती वेतनपत्रक असते त्याच्या हाती निर्णय जातो, हा व्यवहाराचा नियम हेतूच्या शुद्धतेने बदलत नाही. मंडळीचा सभासद हळूहळू कर्मचारी किंवा लाभार्थी होऊ लागतो. पाळक वर पाहतो, सभासद पाळकाकडे पाहतो, आणि एकमेकांकडे पाहण्याची सवय मोडते. त्यात जुन्या जातींच्या आठवणी पुसल्या गेल्या नव्हत्या. एका ख्रिस्तात आलेली माणसे लग्नसंबंधाच्या वेळी पूर्वीच्या रेषा आठवीत. बाहेरचा समाज मंडळीला परकी समजत होता आणि आतून ती स्वतःच्या पायावर उभी नव्हती. टिळकांना हे दोन्ही सलत होते.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले. निवृत्तीच्या आधाराची गरज भासू लागते त्या वयात त्यांनी संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्याची कल्पना साधी होती. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही त्यात येऊ शकेल. त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दरबारात जात नाही, पगार नाही, परकी सत्ता नाही. भजन, चिंतन, सेवा आणि परस्परांचे बंधुत्व हीच त्याची सामग्री. चर्चच्या अनेक धुरीणांना हे धाडस रुचले नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व मानले तर मंडळीची सीमाच पुसली जाईल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. सीमा नसलेली मंडळी फार काळ मंडळी राहत नाही, हा इतिहासाचा अनुभव आहे. उलट, केवळ सीमेच्या रक्षणातच जिचे सारे बळ खर्ची पडते ती मंडळीही जिवंत राहत नाही. टिळकांनी या दोन धोक्यांपैकी पहिला पत्करला.

दरबाराला आयुष्य फार लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे तो दरबार संस्था म्हणून मूळ धरू शकला नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. ते पुरे करण्याचा भार शेवटी लक्ष्मीबाईंनीच उचलला. जिला औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते त्या बाईने पतीचे महाकाव्य पुढे नेले आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'ने मराठी गद्याला एक अजोड ग्रंथ दिला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचेही देहावसान झाले.

मग टिळकांचा प्रयोग फसला असे म्हणावयाचे काय? संस्थेचे वय, सभासदांची संख्या, मालमत्तेचा विस्तार ही मोजमापे लावली तर उत्तर होकारार्थी द्यावे लागेल. त्याच पिढीत पंडिता रमाबाईंनी केडगावास उभारलेले मुक्ती मिशन आजही उभे आहे. टिळकांच्या दरबाराची भिंतही दाखविता येत नाही. पण या दोन कार्यांचे स्वरूपच भिन्न होते. निराधार स्त्रियांना आश्रय देण्यासाठी भिंती लागतात, धान्याची कोठारे लागतात आणि पैशाची शाश्वती लागते. टिळकांना माणसांचे परस्परांशी असलेले नाते पालटावयाचे होते. अशा कार्याचे यश इमारतीत सापडत नाही. ते राहुरीच्या घरातील पंगतीत, बालकवीला मिळालेल्या मायेत आणि रविवारी एखाद्या खेड्यात निरक्षर ओठांवर येणाऱ्या पदांत शोधावे लागते. तेथे ते सापडते.

टिळकांच्या बाबतीत एक आक्षेप मात्र शिल्लक राहतो आणि तो टाळता कामा नये. वेतनाचा त्याग करणे त्यांना शक्य झाले, कारण विद्वत्ता आणि कीर्ती ही त्यांची भांडवले होती. शिवाय त्या त्यागाचा चटका सोसणारी लक्ष्मीबाई घरात होती. मिशनच्या शाळेतील महार शिक्षकाने तोच त्याग केला असता तर त्याला पुन्हा गावकुसाबाहेरच्या दैन्यात परतावे लागले असते. म्हणून वेतन घेणाऱ्यांना कमी लेखण्याचा अधिकार टिळकांच्या चरित्रातून कोणास मिळत नाही. त्यातून मिळतो तो एवढाच बोध, की ज्याला सोडणे परवडते त्याने आधी सोडावे. मंडळीतील समता वरच्या पायरीवरील माणसाने खाली उतरण्यापासून सुरू होते. खालच्याने वर चढण्याची वाट पाहत बसल्यास ती कधीच येत नाही.

आज जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतून नोकरीनिमित्त आलेली, आपल्या मुळांपासून दूर गेलेली, जातीच्या पंगतीत बसूनही एकाकी असलेली माणसे कमी नाहीत. कारकून बदलीच्या गावी येतो, शिक्षिका भाड्याच्या खोलीत राहते, विद्यार्थी वसतिगृहात. त्यांना मोठ्या मेळाव्यांची उणीव नाही. उत्सवांचे मंडप दरवर्षी अधिक रुंद होत आहेत. उणीव आहे ती जेथे आपण आलो नाही तर कोणाच्या तरी ध्यानात येईल अशा लहान ठिकाणाची. ते ठिकाण देऊळ असो, मशीद असो, विहार असो, वीस-पंचवीस माणसांचे चर्च असो की वाचनालयाचा कट्टा असो, त्याची कसोटी एकच आहे: तेथे येणाऱ्याचे नाव विचारले जाते की आडनाव?

फुलामुलांच्या त्या कवीने या कसोटीसाठी प्रथम आपले गोत आणि नंतर आपला पगार सोडला. त्याची मंडळी लहानच राहिली. पण बाप्तिस्म्याशिवाय आलेला बालकवी आणि दुष्काळाने आणून सोडलेली पोर ही दोघेही जेथे घरचीच ठरली, तो दरबार लहान होता असे म्हणणे कठीण आहे.